उलट्या हाताची पायरी

वैशाखातल्या दुपारी सोलापुरात लोखंडी फाटकाला कुणी एकदम तळहात लावत नाही. आधी बोटांची पाठ हळूच टेकवायची, चटक्याचा अदमास घ्यायचा, मग रुमाल काढायचा की नुसतं कोपरानं ढकलायचं ते ठरवायचं. ही क्रिया इतकी सहज घडते, की ती आपण करतो हेही आपल्याला ठाऊक नसतं. परवा सुजाताच्या घरासमोर मी असाच उभा होतो, मुठीची पाठ तापलेल्या कडीला टेकवून. आणि ही कडी उघडलीच नाही तर परत फिरता येईल, असा एक भेकड विचार मनात चमकून गेला. सुजाता माझी विद्यार्थिनी. तिच्या दारापर्यंतचं अंतर सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या घरापासून जेमतेम पंधरा मिनिटांचं. ते चालायला मला सात महिने लागले.

हाताच्या पाठीला जे कळतं ते तळहाताला का कळत नसावं? माझ्या आईचा तळहात भाकऱ्या थापून थापून असा निबर झाला होता, की ताप त्याला उमगायचाच नाही. म्हणून ती माझ्या कपाळावर हात पालथा घालायची. त्या कोमल, निळसर शिरांच्या पाठीवर तापाचा अंशन् अंश जणू उमटायचा, आणि ती म्हणायची, “आज शाळा न्हाय.” तळहात हा मिळवणारा, धरणारा, कमावणारा अवयव, त्याच्या मागे मात्र एक अबोल, सावध, संशयी हात दडलेला असतो, जो काही मागत नाही, केवळ विचारतो. एकाच मनगटाला हे दोन स्वभाव कसे जडले असतील!

याच संशयी हाताची दीक्षा मला पुढे मुनीरचाचांनी दिली. चाचा म्हणजे वायरमनकीतले माझे गुरू. यंत्रमागांच्या शेडमधल्या मोटरी आणि वीजपेट्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मेन स्विच बंद करावा, टेस्टर लावून पाहावा, दिवा लागला नाही तरी तारेला तळहात लावू नये. आधी बोटांची पाठ निमिषभर टेकवावी, हा त्यांचा दंडक. विजेचा झटका बसला की स्नायू आखडतात, मूठ मिटते. तळहात तारेवर असेल तर तो तारच आवळून धरतो. हाताची पाठ असेल तर तोच आखडलेला हात तारेपासून दूर ओढला जातो. चाचा हे सारं शास्त्र एका वाक्यात सांगायचे : “हतेली लालची रहती बेटा, पकडी तो छोडती नै.” त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली, आणि पुढची बावीस वर्षं प्रशिक्षण केंद्रात प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी हीच क्रिया करून दाखवली. पोरं हसायची. “सर, तारेला लाजताय का?” म्हणायची. हसू द्या; पण त्यांचे हात लक्षात ठेवायचे.

मग चष्मे आले. डोळ्यांवर चढवायचा तो जाड, काळा चष्मा. त्यातून समोरचं खरं टेबल दिसतं, खऱ्या भिंती दिसतात, आणि टेबलावर प्रत्यक्षात नसलेली वीजपेटी उभी राहते. या तंत्राला मिश्र वास्तव म्हणतात. धोका नाही, साहित्य जळत नाही, एकच चूक शंभरदा करता येते. केंद्रानं त्यासाठी धडा रचायचं काम माझ्याकडे सोपवलं, आणि खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी तरी म्हणत होतं, की तुझ्या हातातली विद्या तुझ्यानंतरही राहील! संगणकाचं काम व्यंकटेश बघायचा. तो तेलुगू विणकराच्या घरातला, आजोबांच्या मागाच्या खडखडाटात वाढलेला, हुशार तरुण. आम्ही दोघांनी शेडमध्ये जाऊन स्विचचा ‘खट्’ आवाज टिपला, पेटीवर साचणारी कापसाच्या तंतूंची धूळ हुबेहूब उतरवली, झाकणाच्या आत चिकटवलेलं जुनं कॅलेंडरचं पानसुद्धा सोडलं नाही. त्या धुळीवर आमचे तीन आठवडे गेले.

अडलं ते हातापाशी. चष्म्याचे कॅमेरे शिकणाऱ्याचा हात ओळखतात. पण बोटं मिटून त्यांची पाठ तारेला टेकवली, की बोटं एकमेकांआड जात आणि चष्म्यातला हात मेणासारखा वितळून नाहीसा व्हायचा. पायरी पूर्ण व्हायची नाही, धडा तिथंच थांबायचा. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. व्यंकटेश दमून म्हणाला, “सर, ही एक स्टेप काढू का? टेस्टरची आहे की आधी.”

मी म्हणालो, “काढ.”

या एका शब्दाला फार तर अर्धा क्षण लागला असेल. त्या अर्ध्या क्षणात मुनीरचाचा आठवले नाहीत, असं मी सांगू शकलो असतो. पण ते आठवले होते. नंतर जोडू, म्हणून मी त्यांना बाजूला बसवलं. प्रात्यक्षिक देखणं झालं, टाळ्या पडल्या. पायरी नंतर कुणी जोडली नाही. आणि चष्म्यावर शिकवायला लागल्यावर माझं ते पहिल्या दिवशीचं करून दाखवणंही थांबलं. धड्यात सगळं आहे, या समजुतीनं.

सुजाता त्या पहिल्याच तुकडीतली. वर्गातली सर्वांत काटेकोर मुलगी. चष्म्यातला धडा तिनं इतक्यांदा गिरवला, की एकही पायरी चुकेना. एका टॉवेलच्या कारखान्यात तिला काम मिळालं. तिथल्या पेटीत दोन वाटांनी वीज येत होती. तिनं बंद केली ती एक वाट, दुसरी तिला कुणी सांगितलीच नव्हती. तिनं टेस्टर लावला. टेस्टर मेलेला होता. आमच्या चष्म्यातला टेस्टर कधी मरत नसे, कधी खोटं बोलत नसे. दिवा लागला नाही, म्हणून तिनं धड्यात शिकवल्याप्रमाणे तार धरली. तळहातानं. शेजारच्या कामगारानं धावत जाऊन दुसरा स्विच पाडला म्हणून ती वाचली. उजव्या हाताची तीन बोटं आता पूर्ण मिटत नाहीत.

केंद्राकडे खुलासा मागितला गेला. मी लिहिलं : ‘सुरक्षेच्या सर्व पायऱ्या शिकवलेल्या होत्या. प्रशिक्षणार्थीकडून घाई झाली असावी.’ असावी! केवढा सोयीचा शब्द. खोटंही नाही आणि खरंही नाही. चष्म्यात मी खऱ्या टेबलावर खोटी पेटी मांडली होती. त्या कागदावर खऱ्या जखमेशेजारी खोटं कारण मांडलं. व्यंकटेशनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हापासून सुजाताला कुणी कामावर घेईना. बोटांमुळे नव्हे, “घाई करणारी पोरगी” म्हणून.

सात महिने मी घरातल्या फ्रिजलाही आधी बोटांची पाठ लावत होतो. कुठं स्विचचा ‘खट्’ आवाज झाला की मान झटकन वळायची. तो खुलासा सतत आठवायचा. जेवताना, सही करताना, कुणी नुसतं “सर” म्हटलं तरी. आणि मग गेल्या आठवड्यात पत्र आलं, की हाच धडा पुढच्या महिन्यापासून मोडनिंबला, अक्कलकोटला, जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांवर जाणार. अंतिम मंजुरीसाठी माझी सही हवी होती. मला एकदम कितीतरी हात दिसू लागले. सगळे उताणे, सगळे विश्वासानं पुढे झालेले.

म्हणून परवाची ती दुपार.

दार सुजाताच्या आईनं उघडलं. “बसा की सर, पानी घ्या,” म्हणाल्या, आणि मी पाण्याला हात लावायच्या आत हलक्या आवाजात बोलून गेल्या, “पोरगी रोज त्याच दिवसाची उजळणी करतीया. आपलं कुटं चुकलं म्हून.” सुजाता आतून आली. मी ठरवून आलेलं बोलू लागणार, तोवर तिनंच विचारलं, “सर, खरं सांगा. त्या दिवशी धड्यातलं माझं काय चुकलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो. “एकही पायरी नाही. पायरी धड्यातच नव्हती. ती मी काढली होती.”

मग सगळं सांगितलं. चाचा, मिटलेली बोटं, पाहुणे, तो एक शब्द. ती रडेल, ओरडेल, निदान तोंड फिरवेल, अशी माझी तयारी होती. किंबहुना तशी इच्छाच होती. तिनं आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, “मग हे लिहून द्या की.”

तिनं वहीचं पान फाडून दिलं. मी लिहिलं : ‘तांत्रिक अडचणीमुळे एक पायरी धड्यातून वगळली गेली.’ तिनं वाचलं, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं वर्गातलं हसू क्षणभर दिसलं. “अडचणीला सही करता येती व्हय, सर?”

आईही हसल्या. मी खोडलं. दुसरं पान घेतलं. ‘उलट्या हाताची पायरी मी काढली. सुजाताकडून घाई झाली, हे मी लिहिलेलं असत्य आहे. ती शिकवल्याप्रमाणेच वागली.’ इतकी साधी तीन वाक्यं. खाली मी सही केली. तिनं मोबाइलवर कागदाचा फोटो काढला. तिचा आता माझ्यावर तेवढाच विश्वास होता, आणि तो योग्यच होता. निघताना मी विचारलं, ही पायरी पुन्हा शिकवायची तर कशी? चष्म्यात तर ती दिसत नाही. ती म्हणाली, “मग तेवढ्यापुरता चष्मा काढायला लावा की. खरी तार द्या हातात, बिनकरंटाची. आणि टेस्टर मुद्दाम मेलेला ठेवा.”

बावीस वर्षं शिकवणाऱ्या मला, तीन आठवडे धूळ रंगवणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं.

आज सकाळी तो कागद आणि सही न केलेलं मंजुरीपत्र घेऊन मी संचालकांच्या दाराबाहेर उभा होतो. आत काय होईल, ते मला माहीत नव्हतं. नोकरी राहील की जाईल, धडा थांबेल की माझ्याविनाच पुढे सरकेल, काहीच सांगता येत नव्हतं. दाराची मूठ स्टीलची. आतल्या थंडाव्यानं गार पडलेली. माझी बोटं आपोआप मिटली आणि त्यांची पाठ मुठीला टेकली. सवयच ती! किती काळ मी या सावधपणालाच शहाणपण समजत आलो. टेकायचं, चाचपायचं आणि मागे सरायचं. वैशाखातल्या त्या कडीपाशीही मी तेच करू पाहत होतो.

मी हात सुलटा केला आणि मूठ तळहातानं घट्ट धरली. हतेली पकडी तो छोडती नै, चाचा म्हणायचे. आज मला तेच हवं होतं.