पाकिटावरचं नाव

वडील लातूरच्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. छापून उरलेली पत्रकं ते मुरुडला घरी आणत. डब्यांखाली, वह्यांच्या कव्हरांना तीच असायची. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. लातूरचा वेगळा जिल्हा झालाच पाहिजे, हे मला पाढ्यांआधी पाठ झालं. मी बारावी होईपर्यंत जिल्हा झाला होता. पावसानं मात्र दोन वर्षं पाठ फिरवली होती.

एका पत्रकात लिहिलं होतं, लग्नात बाईचं नाव बदलतात तेव्हा तिचं आधीचं सगळं आयुष्य पुसतात. आईचंही बदललं होतं. तिचं माहेरचं नाव आमच्या गावात घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री मी रागानं जेवले नाही. आई म्हणाली, भाकरीनं काय केलंय?

नांदेडच्या कॉलेजच्या अर्जाला स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं होतं. अर्जावर शाळेच्या दाखल्यावरचंच नाव लिहावं लागलं. पाकीट मात्र माझं होतं. त्यावर मी माझं नाव लिहिलं, पुढे आईचं माहेरचं नाव, आणि आडनाव गाळलं. खाली ठळक अक्षरांत जिल्हा लातूर.

मग वाट पाहणं सुरू झालं. टँकर अकराला यायचा. घरं बंद करून सगळ्या बायका रांगेत, म्हणून नवा बदलून आलेला पोस्टमन तिथंच येऊन नावं पुकारायचा. माझे कान त्याच्याकडे आणि घागर भलतीकडे. शेजारची काकू म्हणायची, "नांदेडला नवरा बघून ठिवलाय का गं?" मी चिडायचे. पण खरंच, मला नांदेडची तशीच ओढ लागली होती. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की वसतिगृहाच्या गच्चीवरून गोदावरी दिसते आणि वाचनालयात कितीही वेळ बसता येतं. मी वाहती नदी पाहिलेली नव्हती. रिकाम्या घागरीवर बसून मी त्या गच्चीवर केस वाळवायचे.

तीन आठवडे झाले तरी काही आलं नाही. शेवटी मी पोस्टात गेले. पोस्टमन म्हणाला, नांदेडच्या कॉलेजचं एक पाकीट आलं होतं, दोन दिवस पुकारलं, कुणी ओ दिली नाही, परत पाठवलं. ते दोन दिवस मी वडिलांबरोबर लातूरला, नव्या कलेक्टर कचेरीत, रहिवासी दाखल्यासाठी खेटे घालत होते. रांगेत आई होती.

"तू ऐकलं न्हाईस?" घरी येऊन मी आईला विचारलं.

"ऐकलं की. आधी तुझं नाव, मग माझं." ती ज्वारी निवडत राहिली. "दोन्ही नावं एकाजागी कशी येतील? वाटलं, दुसरीच कोनी असंल. आन् ते नाव माझं हाय म्हनून चारचौघीत कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं निघाले. लोह्याला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा मी ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या दिल्या. कॉलेजातल्या कारकुनानं माझा अर्ज काढला. पाकीट त्यालाच टाचलेलं होतं. आत प्रवेश मिळाल्याचं पत्र, आणि फी भरायची मुदत चार दिवसांपूर्वी संपलेली. जागा पुढच्या मुलीला गेली होती. तो वाईट माणूस नव्हता. पाकिटावरचं नाव आणि अर्जावरचं नाव त्यानं दोनदा ताडून पाहिलं आणि विचारलं, "असं का लिहिलं, ताई?" मला एका पत्रकाएवढं उत्तर येत होतं. त्यानं सोडवून दिलेलं पाकीट मी पिशवीत घातलं. गोदावरी न बघता स्टँडवर आले.

घरी आईनं पाकीट मागून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. माझं नाव कुठं संपतं आणि तिचं कुठं सुरू होतं, ते मी बोट ठेवून दाखवलं. तिनं दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. मग तिनं खाली जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय लिव्हलंय?"

तिथं लिहिलं होतं, या नावाची व्यक्ती गावात नाही.

"काही न्हाई," मी म्हणाले. "पोस्टाचं असतं कायतरी."