वाघोलीच्या धुळीचा आलेख

तमाम पुणेकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पहाटेची हवा शुद्ध असते हा समज आमच्या वाघोलीच्या सोसायटीपुरता रद्द झाला आहे. रद्द करणाऱ्या बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहत. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कुणी हवेबद्दल काही बोललं की चष्मा कपाळावर ढकलून विचारत, "मोजलंत का?"

पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळाला त्यांनी लिफ्टपाशीच गाठलं. "थंडीत पहाटेची धूळ वर जात नाही, खालीच साचते. दुपारी जा."

"दुपारी आम्ही झोपतो," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले.

"मग निदान तेव्हा तरी शुद्ध हवा घेता."

बाईंचं सगळं गणित एका खुर्चीसाठी होतं. काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, आयुष्यभर बस चालवली आणि आता फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी धूळ वर्ज्य केली, म्हणून बाईंनी गॅलरी काचा लावून बंद केली. काका आत बसून म्हणायचे, "अगं, रस्ता तरी बघू दे." दिवसातला कुठला तास त्यांना उघड्या गॅलरीत बसवायला बरा, एवढंच बाईंना शोधायचं होतं.

त्यासाठी दोन काचपट्ट्या. एक खाली वॉचमनच्या केबिनवर, दुसरी आमच्या गॅलरीत, कारण ती उघडी आणि त्यांच्या गॅलरीच्या अगदी डोक्यावर. पट्टीला व्हॅसलीन लावायचं, दोन तास ठेवायची, मग मायक्रोस्कोपखाली चिकटलेले कण मोजायचे. मी एकदा डोळा लावून पाहिला. आपण काय काय गिळतो ते पाहून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बाई मात्र एकेक कण मोजून वहीत आकडा टाकत, आकड्यांचे ठिपके करत आणि त्या ठिपक्यांमधून एक रेघ काढत. सकाळ-दुपारच्या पट्ट्या त्या स्वतः न्यायच्या. संध्याकाळी काकांना वाफ द्यायची असे, म्हणून आमच्या गॅलरीतली पट्टी माझी बायको नेऊन द्यायची.

महिनाभराने निकाल लागला. संध्याकाळी साडेसहा.

मी म्हटलं, "बाई, तेव्हा तर खडीच्या ट्रकांची रांग लागते."

"तुमचे डोळे धरू की महिनाभराची मोजणी? टेकडीकडून वारा येत असणार."

ती थंडीभर काका रोज साडेसहाला गॅलरीत बसले. कान झाकून, मांडीवर शाल, आणि खालच्या प्रत्येक बसवाल्याला शिव्या. "अरे, इंडिकेटर दे की!" इतका खूश माणूस मी त्या इमारतीत पाहिला नाही. फेब्रुवारीत त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते परत आले नाहीत.

बाईंनी मोजणी थांबवली नाही. एका संध्याकाळी मी लवकर घरी आलो, तर बायको बेसिनपाशी. हातात काचपट्टी आणि साबण.

"काय करतेस?"

"बाईंची पट्टी द्यायचीय ना."

"घासून?"

"मग? दुसऱ्याची वस्तू मळकी परत करतात का? पुसून नवं व्हॅसलीन लावून देते रोज. पहिल्या दिवसापासून."

धुतलेल्या काचेवर कण कुठून दिसणार, आणि काकांची साडेसहाची वेळ तर त्यावरूनच निघालेली. ते सांगितल्यावर तिने साबण खाली ठेवला.

दोघं खाली गेलो. बाई मटार सोलत होत्या. पट्टी रोज घासून येत होती, हे मीच सांगितलं. बाईंचे हात क्षणभर थांबले. मग चष्मा कपाळावर गेला.

"अहो, ते आकडे मी पहिल्याच आठवड्यात खोडले. वाघोलीत इतकी स्वच्छ काच? इतकी वर्षं काय शिकवलं मी मग? साडेसहाची वेळ वॉचमनच्या पट्टीवरून ठरवली होती." आणि बायकोपुढे परात सरकवली. "बसा. सोला."

बायको रडत रडत मटार सोलत राहिली. त्या रात्री आम्हाला झोप लागली.

यंदा बाईही गेल्या. घर आवरायला आलेली त्यांची भाची वर आली. "यात तुमचा फ्लॅट नंबर आहे, रद्दीत टाकवेना," म्हणत तिने ती वही माझ्या हातात ठेवली. आम्ही जेवणाच्या टेबलावर उघडली. वॉचमनच्या पट्टीचा संध्याकाळचा रकाना पानंच्या पानं रिकामा. त्याची पाळी तेव्हा बदलायची, पट्टी आणून द्यायला कुणी नसे. आमच्या रकान्यात मात्र रोजचा आकडा होता, शून्याच्या जवळचा. एकावरही काट नव्हती. रेघ त्या ठिपक्यांमधून सरळ खाली उतरत गेलेली, आणि जिथे सगळ्यात खाली टेकली तिथे बाईंच्या अक्षरात लिहिलेलं: 'यांना इथे बाहेर बसवणे.'

बायकोने पान दोनदा मागेपुढे उलटून पाहिलं.

"अहो, पण त्या तर म्हणाल्या होत्या, खोडले म्हणून."