टँकखालचा तवा

जानेवारीत आमची मुलगी विद्यापीठातून घरी आली आणि परत गेली नाही. एकोणीस वर्षांची, दुसऱ्या वर्षाला. डिपार्टमेंटने तिला सप्टेंबर अखेरपर्यंतची मुदत दिली होती. तोपर्यंत बरं वाटलं तर यायचं, नाहीतर जागा जाणार. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, गोळ्या दिल्या. थेरपीसाठी वेटिंग लिस्ट होती. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर तिची खोली होती आणि तिथे ती बहुतेक वेळ झोपून असे. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवलं जाई आणि अर्धंअधिक तसंच परत येई.

मार्चमध्ये तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं. साप.

“कुत्रा आण,” तिचे बाबा म्हणाले. ते नुकतेच हॉस्पिटलमधून आले होते, गळ्यातलं ओळखपत्र अजून तसंच होतं. “त्याला फिरवायला लागतं. त्या निमित्ताने बाहेर तरी पडशील.”

“कुत्र्यासमोर खूश राहायला लागतं, बाबा. साप आपला आपला बसतो.”

तिने मागितलेला साप होता बॉल पायथन, अजगराच्या कुळातला, आफ्रिकेतला, बिनविषारी. घाबरला की तो स्वतःभोवती चेंडूसारखी गुंडाळी करून डोकं आत लपवतो. दुकानातून आणला तेव्हा वर्षाचाही नव्हता. बुटाच्या डब्यात मावला असता.

पण साप नंतर आला. टँक आधी आला. तो आठवडाभर रिकामा ठेवून गरम करायचा, तापमान स्थिर राहतं का ते पाहायचं आणि मगच साप आणायचा, हे तिने वाचून ठरवलं होतं. काचेच्या टँकच्या एका बाजूला, साधारण तिसऱ्या हिश्शाखाली, हीट मॅट. मॅट म्हणजे विजेवर तापणारी पातळ, काळी, चौकोनी चटई. ती थेट प्लगला जोडायची नाही. जोडली तर तापत राहते आणि सापाचं पोट भाजतं, कारण त्याला खालून चटका बसतोय हे वेळेवर कळत नाही. मध्ये थर्मोस्टॅट हवा. गरम बाजूला ३१ ते ३२ अंश, थंड बाजूला २५-२६. दोन्हीकडे लपायला एकेक जागा, इतकी अरुंद की सापाच्या अंगाला सगळीकडून स्पर्श झाला पाहिजे. एकच जागा ठेवली तर ऊब हवी की आडोसा, यातलं एक त्याला निवडावं लागतं आणि तो आडोसा निवडतो. मग ऊब नाही म्हणून खात नाही, उपाशी राहतो.

हे सगळं तिने मला सांगितलं. दोन महिन्यांत ती एका वेळी इतकं बोलली नव्हती.

खाणं गोठवलेल्या उंदरांचं. उंदराची जाडी सापाच्या मधल्या भागाइतकी, त्याहून जास्त नाही. आदल्या दिवशी फ्रीजमध्ये उतरवायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह कधीही नाही. उंदीर हाताला गरम लागला पाहिजे, कारण साप भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः उबेवरून. लांब चिमट्याने समोर धरायचा. खाऊन झाल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, आणि टँकची ऊब कमी होऊ द्यायची नाही. साप स्वतःचं अंग गरम करू शकत नाही. ऊब गेली की पचन थांबतं आणि पोटातलं अन्न आतल्या आत कुजायला लागतं.

पहिल्या दोन वेळा त्याने उंदराकडे पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी झडप घातली. त्या संध्याकाळी मुलगी खाली आली, टेबलाशी बसली आणि वरण-भात दोनदा वाढून घेतला. तिच्या बाबांनी पाण्याचा ग्लास उगाच दोनदा भरला.

जूनमध्ये पुण्याहून सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. नातीच्या खोलीत साप आहे हे त्यांना फोनवर सांगितलं होतं. फ्रीझरचं सांगायचं राहिलं होतं. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये वेम्बलीच्या भारतीय बाजारातून आणलेली तोंडली, सोललेले वाल आणि खवलेला नारळ असतो, आणि बाकी सगळं आईस्क्रीमच्या डब्यांत. आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम नसतं हे त्यांना पुण्याच्या सवयीने माहीत होतं. त्यांनी नारळ समजून एक डबा उघडला.

“अगं बाई! अगं ए, इकडे ये आधी! ही काय पिल्लं पिल्लं भरून ठेवली आहेस?”

“आई, ते त्याचं जेवण आहे,” मी म्हटलं.

“कोणाचं?”

“वरच्याचं.”

त्यांनी झाकण लावलं, हात धुतले आणि खुर्चीवर बसल्या. त्या जन्मभर शाकाहारी. मग म्हणाल्या, “त्याचं अन्न त्याला. मांजराला काय आपण वरण-भात घालतो?”

“आजी, बाबा म्हणतो की तू घालायचीस,” मुलगी जिन्यावरून म्हणाली.

“घालायचे. म्हणून तर ते पळून गेलं.”

मुलगी हसली. दुसऱ्या दिवशी डब्यावर चिकटपट्टी दिसली. तिच्यावर सासूबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: उंदीर. नारळ नव्हे.

जुलैभर आजी आणि नात वरच्या खोलीत बसत. आजी दारापासून खुर्ची दोन फूट आत घेत, त्याहून पुढे नाही. तो नाग नाही, अजगर आहे, हे त्यांना अनेकदा सांगून झालं. त्या त्याला नागोबाच म्हणत. मुलगी दर आठवड्याला उंदीर काढी, गरम करी, पाणी बदली. तेवढ्यासाठी ती उठे, आणि एकदा उठली की आंघोळ करी, खाली येई, खाई. तिच्या बाबांचं म्हणणं होतं की या घरात रुटीन फक्त सापाला आहे, बाकीचे त्याच्यामागून चालतात. जुलैच्या शेवटी तिने स्वतःहून डिपार्टमेंटला ईमेल केला. त्यांनी भेटायला बोलावलं. ऑगस्टमधली तारीख मिळाली, ती नागपंचमीची होती.

नागपंचमीला सासूबाईंच्या घरी चिरत नाहीत, तळत नाहीत आणि चुलीवर तवा ठेवत नाहीत. तवा म्हणजे नागाचा फणा. तो तापवला की नागाला चटका बसतो. म्हणून पोळी नाही. उकडलेली पुरणाची दिंडं. दरवर्षी त्या पाटावर गंधाने नाग काढून पूजा करत. या वर्षी पाटाची गरज नव्हती.

विद्यापीठ उत्तरेला, गाडीने चार तासांवर. मी मुलीबरोबर जाणार होते, एक रात्र तिथे राहून परतायचं होतं. तिच्या बाबांना हॉस्पिटलात ऑन-कॉल ड्यूटी होती. साप आदल्या संध्याकाळी खाऊन बसला होता. निघताना मुलीने आजीला जिन्यात थांबवलं.

“आजी, पूजा कर, पण धूर नको. त्याचे लंग्ज खराब होतात. झाकण उघडायचं नाही. आणि दूध नाही. साप दूध पीत नाही.”

“बरं. दूध नाही. लाह्या बाहेर ठेवल्या तर चालतील ना, की त्यांचीही अॅलर्जी आहे?”

“चालतील.”

“मग जा. दिंडं डब्यात दिली आहेत. त्या तुझ्या प्रोफेसरलाही दे एक.”

सासूबाईंनी सांगितलेलं सगळं पाळलं. दूध ठेवलं नाही, झाकण उघडलं नाही. उदबत्ती लावली ती खोलीबाहेर, जिन्याजवळ, आणि तरीही धूर आत गेला असेल या शंकेने खोलीची खिडकी सताड उघडली. टँकसमोर लाह्या आणि दूर्वा ठेवल्या. नमस्काराला वाकल्या तेव्हा पहिल्यांदाच त्या टँकच्या इतक्या जवळ गेल्या होत्या. काचेखालची ती काळी, चपटी वस्तू त्यांनी तेव्हा पाहिली. कडेला बोट लावलं. गरम होती. नागोबा बरोबर तिच्यावर झोपला होता. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

हे त्यांनीच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, आम्ही दारात बूट काढत होतो तेव्हा, समाधानाने. “बाकीचे दिवस ठीक आहे गं. पण पंचमीला तरी त्याच्याखाली तवा नको, म्हणून उतरवला.”

मुलीच्या हातात तेव्हा डिपार्टमेंटने दिलेलं फोल्डर होतं. सप्टेंबरअखेर परत घ्यायला ते तयार झाले होते. परतीच्या वाटेवर तिने गाडीत दोनदा गाणी बदलली होती आणि होस्टेलला साप ठेवू देतात का, नाही दिलं तर कुठे राहायचं, याबद्दल बोलली होती. ती फोल्डर घेऊनच वर गेली.

दोन दिवस पाऊस होता, ऑगस्ट असून वारा थंड. घराचं हीटिंग मे महिन्यापासून बंद होतं. खिडकी अजून उघडीच होती. थर्मोस्टॅटचा आकडा विझलेला. थंड बाजूला वेगळा तापमापक होता, त्यावर १५. सापाने उंदीर ओकून टाकला होता. वास जिन्यापर्यंत आला होता. साप पाण्याच्या भांड्यामागे सरळ पडला होता. गुंडाळी केलेली नव्हती.

सासूबाई मागून वर आल्या. नाकाला पदर लावला. “काय झालं गं? मानवलं नाही का त्याला?”

मुलीने बटण चालू केलं. खिडकी लावली. मग मागे वळून म्हणाली, “होतं असं कधी कधी, आजी.”

तिच्या बाबांना खरं कारण आजीला सांगायचं होतं, निदान पुन्हा होऊ नये म्हणून. स्वयंपाकघरात, दार लावून, मुलीने त्यांना थांबवलं. “नाही सांगायचं. तिने पूजा केली, बाबा. प्लीज.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिचे बाबा नंतर म्हणाले.

ओकल्यानंतर दोन आठवडे काही द्यायचं नसतं, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्यायचा. तिने तसंच केलं. त्याने घेतला नाही. पुढच्या आठवड्यात घेतला नाही. श्वास घेताना बारीक शिटीसारखा आवाज येऊ लागला आणि तोंडाच्या कडेला फेस दिसू लागला. सापांवर उपचार करणारा व्हेट पस्तीस मैलांवर मिळाला. थंडी बाधल्याने फुप्फुसाला संसर्ग, तो म्हणाला. इंजेक्शनं दिली, उरलेली घरी कशी द्यायची ते शिकवलं. तिचे बाबा तीस वर्षं माणसांना इंजेक्शनं देत आले आहेत. त्यांनी साप धरला आणि इंजेक्शन मुलीने दिलं. त्यांना द्यायचं होतं. ती नको म्हणाली.

सप्टेंबरच्या मध्यावर सासूबाई पुण्याला परतल्या. विमानतळावर त्यांनी नातीला जवळ घेतलं. “नागोबाला सांभाळ. आणि कॉलेजला जा.”

“तो खायला लागला की जाते, आजी.”

डिपार्टमेंटचा ईमेल आला, मग दुसरा. ती ते उघडत नव्हती. मी एकदा खोलीत जाऊन म्हटलं की सापाकडे मी पाहीन, इंजेक्शन मलाही शिकव. तिने शिकवलं. शेवटपर्यंत नीट शिकवलं, सुई किती तिरकी धरायची तेही. पण गेली नाही. मुदत संपली. जागा गेली, हे तिच्या बाबांनी फोन करून विचारून घेतलं. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी साप गरम बाजूच्या आडोशात मेलेला सापडला. अंगाला मॅटची ऊब होती, त्यामुळे कळायला वेळ लागला. मागच्या बागेत पुरला. माती ओली होती.

ताट पुन्हा दाराबाहेर ठेवलं जातं. थेरपीची अपॉइंटमेंट आली, ती एकदा गेली, दुसऱ्यांदा नाही. गॅरेजच्या फ्रीझरमध्ये चिकटपट्टी लावलेला डबा अजून आहे.

आठवड्यातून एकदाच ती वेळेवर उठते. रविवारी सकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो. ती केस विंचरते, पडदा उघडते, टेबलाशी बसते. गेल्या रविवारी ताट आतच राहिलं होतं, ते न्यायला मी खोलीत गेले होते.

“खाल्लं का गं त्याने?” सासूबाईंनी विचारलं.

“हो, आजी. मोठा उंदीर खाल्ला.”

“दाखव की जरा.”

तिने फोन टँककडे फिरवला. आत लाकडाचा भुसा, पाण्याचं भांडं, दोन आडोसे. “झोपलाय आत. दिसतंय का?”

“दिसतंय, दिसतंय. झोपू दे. आणि तो तवा? चालू ठेवला आहेस ना? थंडी पडली असेल तिकडे.”

“चालू आहे, आजी.”

फोन ठेवून तिने पडदा ओढला आणि दुलई डोक्यावरून घेतली. मी ताट उचललं. थर्मोस्टॅटवर ३१.५ दिसत होतं.