पाच नंबरची खुंटी

इन्व्हरकेल फुटबॉल क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर लोखंडी खुंट्या होत्या. एक ते अकरा. खुंटीवरचा आकडा तोच जर्सीवरचा आणि तीच मैदानातली जागा. एकला गोलकीपर, पाचला बचावाच्या मधोमध उभा राहणारा सेंटर हाफ, नऊला गोल मारणारा. ज्याची त्याची खुंटी ठरलेली. दुसऱ्याच्या खुंटीला नुसता मफलर अडकवला तरी खोलीत शिव्यांचा पाऊस पडायचा.

आर्ची मेल्ड्रमला खुंटी नव्हती. तो दाराजवळच्या बाकावर, गरम पाण्याच्या टाकीला पाठ लावून, कोट अंगात ठेवून बसायचा. सगळ्यांचे बूट बांधून होत आले की मॅनेजर हेक्टर कटहिल उरलेली जर्सी त्याच्या अंगावर फेकायचा. ती हवेत असतानाच पाठीवरचा आकडा वाचायचा, म्हणजे आज आपण कोण ते कळायचं.

आला तेव्हा तो सेंटर हाफ होता. एकोणीस वर्षांचा, मान जाड, उडी उंच. पहिल्याच शनिवारी डावीकडचा बचावपटू आजारी पडला आणि आर्ची तिथे उभा राहिला. चांगला खेळला, हीच चूक. पुढच्या शनिवारी विंगर नव्हता. त्यानंतर मधल्या फळीतला कोणी. एकदा नऊ नंबर घालून त्याने दोन गोल मारले, तर गावातल्या लोकांनी नवल केलं, आणि पुढच्या शनिवारी कटहिलने त्याला परत उजव्या कोपऱ्यात धाडलं. मग एकदा गोलकीपर टॅम रेनीचं बोट मोडलं. त्या काळी राखीव गोलकीपर बाकावर नसायचा. बदली खेळाडू मिळायचा तोही एकच, बारा नंबरचा. गोलकीपरची पिवळी जर्सी कोणीतरी घालायलाच हवी होती. आर्चीने घातली, आणि पेनल्टी अडवली.

तेव्हापासून गाव त्याला स्टेपनी म्हणायला लागलं. प्रेमाने म्हणत असतील असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा इन्व्हरकेलच्या मैदानातल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर, समुद्राकडच्या वाऱ्यात, शनिवारी तीन वाजता उभं राहून बघावं.

"ए स्टेपनी, आज कुठल्या चाकाला रे?"

"त्याला काय विचारतोस, त्याला तरी माहीत आहे का!"

ओरडणारी माणसं आर्ची कामाला होता त्याच लिनोलियमच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या तेलकापडाच्या, कारखान्यातली. सकाळी त्याच्याबरोबर जवसाच्या तेलाच्या वासात उभी राहायची, दुपारी कुंपणाला रेलून त्याच्या नावाने बोंबलायची, आणि सोमवारी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने त्याच्याकडे काडेपेटी मागायची.

या सगळ्यांपेक्षा वाईट त्याचा बाप वॉटी. आयुष्यभर खाणीत एकाच थरावर काम केलेला म्हातारा. गुत्त्यात नवीन माणूस भेटला की विचारायचाच, "तुमचा मुलगा क्लबात आहे ना? कुठे खेळतो?" वॉटी घरी येऊन आर्चीवर उखडायचा.

"काय सांगू मी लोकांना? बेकरीवाल्याच्या पोराला विचारलं तर तो सांगतो, डावा विंगर. दोन शब्द. मला अर्धा तास लागतो, आणि शेवटी समोरचा हसतो."

"सांगायचं, कुठेही खेळतो."

"कुठेही तर कुत्रंही फिरतं."

आर्चीची बायको सेंगा चुलीशी उभी राहून हे ऐकायची. तिने एकदाच तोंड घातलं. "वॉटी, सूप गार होतंय. आणि आर्ची, त्यांचं एक बरोबर आहे. तू कधी नाही म्हणत नाहीस. म्हणून ते विचारत नाहीत, फेकतात."

आर्चीला हे लागलं. बापाचं नेहमीचं होतं, सेंगाचं लागलं.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये संधी आली. कपच्या उपांत्यपूर्व फेरीत बर्नहिल इन्व्हरकेलला येणार होतं. खाडीपलीकडचं गाव, दोन्हीकडच्या आज्यांच्या काळापासूनचं वैर. आणि पाच नंबरचा मालक, कप्तान ब्रूस इमरी, आधीच्या सामन्यात पंचाला नको ते बोलल्यामुळे बाहेर. आर्ची तेव्हा एकतीसचा. मंगळवारच्या सरावानंतर, अंगावरचा चिखल तसाच ठेवून, तो कटहिलच्या दारात उभा राहिला.

"बॉस, शनिवारी पाच मला द्या."

कटहिल पाइप साफ करत होता. त्याने मान वर केली नाही. "शनिवारी तू लॉकीच्या जागी, डावीकडे. पाचला लॉकी येईल."

"लॉकीची उडी माझ्या छातीपर्यंत येते. समोर बर्नहिलचा नऊ नंबर आहे, डंकन स्ट्रँग."

"मला शिकवतोस?"

"नाही. पण डावीकडे मी खेळणार नाही. पाच, नाहीतर मी घरी."

आता कटहिलने मान वर केली. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच त्याच्यासमोर असा उभा होता, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "घे. स्ट्रँगने एक जरी गोल मारला तरी पुढच्या हंगामात तू या दारातून आत यायचं नाही. नाही मारला, तर इमरीला हलवतो आणि ती खुंटी तुझी. झालं समाधान?"

"झालं."

"मग बूट काढून बोल. गालिचा खराब केलास."

शनिवारी आर्ची सगळ्यांच्या आधी पोचला. कोट काढला आणि पाचच्या खुंटीला अडकवला. बाकीचे एकेक आत आले, बघून आपापल्या खुंटीकडे वळले. टॅम रेनी तेवढा बोलला. "काय रे, आज तुझ्याविना टाकी गार पडेल."

"तू बसून गरम कर."

बाहेर वारा असा, की कॉर्नरचा झेंडा आडवा झोपलेला. बर्नहिलची माणसं खाडी ओलांडून आली होती आणि सामना सुरू व्हायच्या आधीच मटण-पायचे, म्हणजे मटण भरून भाजलेल्या गोल पेस्ट्रीचे, तुकडे इकडून तिकडे उडायला लागले होते. आर्ची पाचची जर्सी घालून बाहेर आला तेव्हा इन्व्हरकेलच्याच पायऱ्यांवरून हशा उठला.

"स्टेपनी पुढच्या चाकाला लागली रे!"

"आता गाडी खड्ड्यात!"

डंकन स्ट्रँग म्हणजे कपाटाला पाय फुटलेले. पहिल्याच उंच चेंडूला त्याने आर्चीच्या बरगडीत कोपर घातलं आणि कानाशी म्हणाला, "तू तोच ना, दर आठवड्याला वेगळा? आज लवकर घरी जाशील."

आर्चीने बरगडी चोळली. पुढच्या चेंडूला त्याने स्ट्रँगच्या आधी उडी मारली. त्याच्या पुढच्याला पण. उडी कधी मारायची हे त्याच्या अंगात होतं; इतकी वर्षं ते नुसतं दुमडून ठेवलेलं होतं. वाऱ्याने चेंडू शेवटच्या क्षणी खाली घसरतो हे त्याला ठाऊक होतं, बर्नहिलवाल्यांना नव्हतं. स्ट्रँग वर जायचा आणि त्याला आर्चीचा खांदा सापडायचा. हाफ टाइमपर्यंत स्ट्रँग पंचाकडे तक्रार करायला लागला, तेव्हा पायऱ्यांवर पहिल्यांदा कोणी स्टेपनी म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. इन्व्हरकेलमध्ये याला कौतुक म्हणतात.

उजव्या विंगरची मांडी भरून आली म्हणून हाफ टाइमला बारा नंबरचा केनी बेल आत आला. ठेंगणा, चपळ पोरगा. म्हणजे बदली संपली. थोड्याच वेळाने इन्व्हरकेलने गोल मारला आणि पायऱ्या हलल्या.

मग टॅम रेनी एका तिरक्या चेंडूसाठी पुढे झेपावला आणि स्ट्रँगच्या गुडघ्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज आर्चीला स्पष्ट ऐकू आला. खांद्याचं हाड. टॅमला स्ट्रेचरवर घातलं आणि कोणीतरी हळूहळू त्याची पिवळी जर्सी काढली. कटहिल ती घेऊन मैदानाच्या कडेला आला आणि त्याने हात लांब केला. आर्चीकडे.

पायऱ्यांनीही तेच गृहीत धरलं होतं. "स्टेपनी! स्टेपनी!" आता ते खरंच प्रेमाने ओरडत होते.

आर्ची कडेपर्यंत चालत गेला. जर्सीला हात लावला नाही.

"घाल," कटहिल म्हणाला.

"बेलला द्या."

"काय?"

"ज्याला खुंटी नाही त्याने पिवळी घालायची. तुम्हीच लावलेली पद्धत. आज बेलला खुंटी नाही. माझा कोट पाचला आहे."

"आर्ची, बेल माझ्या कमरेएवढा आहे!"

"मी गोलमध्ये गेलो तर स्ट्रँगला कोण धरणार? लॉकी? तो गोल मारेल, आणि तुम्ही मला दारातून आत घेणार नाही. बोलणं झालंय आपलं."

"अरे, तू गोलमध्ये असलास तर तो मारू शकणारच नाही! सगळ्या गावाला दिसतंय!"

"सगळ्या गावाला काय काय दिसतं ते मला ठाऊक आहे, बॉस."

पंच शिट्टी वाजवत जवळ आला. "साहेब, ठरवा लवकर." कटहिलने जर्सी बेलच्या तोंडावर फेकली. बेलने ती घातली. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. पायऱ्यांवरचा आवाज थांबला आणि मग दुसराच आवाज सुरू झाला, खालच्या पट्टीतला, गुरगुरण्यासारखा.

त्यानंतर आर्ची जसा खेळला तसा इन्व्हरकेलला कोणताही सेंटर हाफ कधी खेळला नाही, हे इमरीने स्वतः, पुष्कळ वर्षांनी, कडू तोंडाने कबूल केलं. स्ट्रँगला डोकं लावायला एक चेंडू मिळाला नाही. पण बर्नहिलवाल्यांनाही डोळे होते. त्यांनी स्ट्रँगकडे चेंडू देणंच सोडलं आणि लांबून, जिथून शहाणा माणूस मारत नाही तिथून, मारायला सुरुवात केली. एक साधा, उड्या मारत आलेला चेंडू बेलच्या लोंबत्या बाह्यांमधून आत गेला. मग वाऱ्यावर वळलेला एक कॉर्नर, कोणालाही न लागता, सरळ बेलच्या डोक्यावरून जाळ्यात.

इन्व्हरकेल कपातून बाहेर. स्ट्रँगचे गोल शून्य.

खोलीत कोणी बूटही काढले नाहीत. बेल कोपऱ्यात पिवळ्या जर्सीत तोंड खुपसून बसला होता. इमरी सूट घालून आला होता. तो आर्चीसमोर येऊन थांबला.

"मस्त खेळलास," तो म्हणाला. "अभिनंदन. एकट्याने जिंकलास."

कटहिलने सगळ्यांसमोरच सांगितलं. "स्ट्रँगने गोल मारला नाही. मान्य. पण खुंटी मिळणार नाही. हंगाम संपला की जायचं."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मोडला. तूही आज एक मोडलास, न दिलेला."

आर्चीने खुंटीवरून कोट काढून अंगात घातला आणि निघाला. बाहेर त्याच्या पाठीवर काहीतरी गरम, ओलं येऊन फुटलं. मटण-पाय होता, रश्शासकट. त्याने वळून पाहिलं नाही. नंतर बरेच महिने खाटीक त्याला सगळ्यांच्या शेवटी, कडेची चरबी द्यायचा. कारखान्यात कोणी काडेपेटी मागेना. बेलच्या आईने तर भर रस्त्यात त्याला विचारलं, "माझ्या पोराच्या जागी तू असतास तर काय बिघडलं असतं रे?" तो टोपी काढून उभा राहिला, ती जाईपर्यंत. सेंगाने मात्र घरी जेवताना त्याच्या ताटात सॉसेजचा जास्तीचा तुकडा टाकला आणि वर म्हणाली, "कोटाचा डाग निघत नाहीये. तूच घास."

वॉटी त्याच्याशी बोलत नव्हता. तरी शनिवारी संध्याकाळी दोघं त्याच गुत्त्यात जायचे, कारण दुसरा गुत्ता बर्नहिलवाल्यांचा. बाप एका टोकाला, मुलगा दुसऱ्या.

एकदा उन्हाळ्यात एक बाहेरचा माणूस, रंगाचा विक्रेता, म्हाताऱ्याशेजारी येऊन टेकला. गप्पा फुटबॉलवर आल्या.

"तुमचा मुलगा क्लबात होता म्हणतात. कुठे खेळायचा?"

गुत्त्यातल्या माना वळल्या. आर्चीने ग्लास खाली ठेवला.

"सेंटर हाफ," वॉटी म्हणाला.

दोन शब्द. मग त्याने बिअरचा घोट घेतला, आर्ची बसला होता त्या बाजूला न बघता आवाज चढवला, "हरामखोराला गोलकीपर व्हायचं नव्हतं, एवढंच," आणि विक्रेत्याला विचारलं की हिरवा रंग कितीला.