दामिनीचा पाच खांबांचा महाल

बडनेऱ्याहून नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्याकडे निघणाऱ्या बसमध्ये दामिनी नेहमी मधोमध बसायची. मागच्या-पुढच्या सगळ्या बायकांना तिचा आवाज जायला हवा असे. कारखान्यात ती शर्टांच्या कॉलरी तपासायची. बसमध्ये गोष्ट सांगायची, रोज थोडी थोडी.

त्या वर्षीची गोष्ट पाच हिरव्या खांबांच्या महालातल्या राजा-राणीची होती. राजा सोंगट्यांच्या डावात राणीकडून हरला, रुसून रानात गेला आणि तिथं स्वतःचं नावही विसरला. मग राणीनं दागिने उतरवले, रानातल्या बाईचा वेश घेतला आणि ती त्याला शोधायला निघाली. वाटेत आरशाची नदी लागली, बोलणारी झाडं लागली. हे सगळं आपल्याच डोक्यातून निघालं, असं दामिनीला वाटे. टीव्हीवरच्या जादूच्या मालिकांत असलं काही नसतं, याचा तिला अभिमानही होता.

एके सकाळी शालू, वरूडकडची नवीन लागलेली पोरगी, मध्येच ओरडली, "अवं ताई, हे तं भुलाबाईची गोष्ट होय! पाच खांब म्हंजे ज्वारीचे धांडे. अन् थो राजा म्हंजे भुलोजी, आपला शंकर!"

"हो वं, बराबर हाये!" शेजारची चंदा म्हणाली. सगळ्या हसल्या. दामिनीही हसली, पण बाकीची गोष्ट तिनं उद्यावर ढकलली.

दिवसभर कॉलरी तपासताना तिला माहेरची, अकोल्यातली भुलाबाईच्या सणातली गल्ली दिसत राहिली. पाच धांडे, म्हणजे ज्वारीची ताटं, बांधून केलेला मखर, त्याखाली मातीचे भुलोजी-भुलाबाई. ओल्या धांड्यांचा गोडसर वास. दिवे लागले की पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायच्या आणि झाकलेला डबा कानाशी हलवून आत खिरापत काय ते ओळखायच्या. लग्न होऊन बडनेऱ्याला आल्यापासून तिला यातलं काही आठवलंच नव्हतं.

पुढचे काही दिवस तिनं घसा बसल्याचं सांगितलं. रविवारी मात्र गाडी पकडून ती अकोल्याला जयवंताकडे गेली. जयवंता तिची लहानपणीची मैत्रीण, अजून त्याच गल्लीत राहणारी.

"सारी गोष्ट उचललेली निंघाली वं," दामिनी म्हणाली. "मले वाटे माही हाये."

"तुह्या आईनं आपल्याले सांगतली, तवा तिच्यात आरशाची नदी होती काय?"

"नोती."

"मंग? मीनं माह्या पोरीले सांगतली तं तिच्यात मोर घातला. तुह्या आईनंबी काही घातलंच असन." जयवंता चहा गाळता गाळता म्हणाली. "एवढ्यासाठी तोंड पाडून आली काय तू?"

मग दोघींनी एक गाणं म्हणायला घेतलं. तिसऱ्या ओळीशी अडल्या. पुढचे शब्द दोघींनाही आठवेनात, आणि दामिनीची आई गेल्यापासून विचारावं असं गल्लीत कुणी उरलं नव्हतं. खूप हसल्या, मग तेवढंच पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

सोमवारी बस सुटली तशी दामिनीनं गोष्ट पुढे नेली. नदीकाठी राजाला ती रानातली बाई भेटते. तो तिला ओळखत नाही, पण तिच्यावरून नजरही काढू शकत नाही. शेवट शालूला ठाऊक होता, तरी तीच सगळ्यांत पुढे वाकून ऐकत होती.

दिवाळीच्या आधी राजाला आपलं नाव आठवलं आणि गोष्ट संपली.

"आता कोन्ती?" दुसऱ्या दिवशी चंदानं विचारलं.

"तानुबाईची," दामिनी म्हणाली. "माही आई. भाजीबाजारात मेथी इके. गिऱ्हाईक जुडी निवडून राहिलं का तिची गोष्ट सुरू होये. लोकं मेथी घेऊन झाल्यावरबी उभेच राहत."

पुढच्या सीटवरच्या दोघी मागे वळून बसल्या. दामिनीनं आईचं नऊवारी लुगडं, तिचा घोगरा आवाज, गोष्टीत राक्षस आला की तिचं डोळे वटारणं, सगळं सांगायला घेतलं.