प्रेसमध्ये घातलेला हात

"कोटे से डिग्री मिल जाती है मैडम, हिम्मत नहीं मिलती."

प्रॉडक्शन मॅनेजर हे सहा ऑपरेटरांसमोर म्हणाला. रात्रपाळी होती. पत्रा दाबायची मोठी प्रेस अडकून बंद पडली होती. मी मेंटेनन्स इंजिनियर. मी एवढंच म्हटलं होतं, की मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावते, म्हणजे कुणी चुकून चालू करणार नाही, मग आत हात घालते. त्याला तेवढा वेळही द्यायचा नव्हता.

दोघं हसले. बाकीच्यांनी खाली पाहिलं.

मी हात घातला. कुलूप न लावता. कोपरापर्यंत. हिंमत दाखवायला. सांगताना आजही लाज वाटते.

अडकलेला पत्रा ओढत होते आणि वरचा जड भाग घसरला. मी हात खेचला. हातमोजा आतच राहिला. पापडासारखा चपटा.

मॅनेजर म्हणाला, "चलो, चालू करो."

सकाळी महाराजपूरला घरी आले. आईनं चहा दिला. कप हातात ठरेना.

"काहून थरथरून राहिली वं?"

थंडी वाजते म्हटलं. मग पांघरुणात बोटं मुठीत धरून पडून राहिले. झोप नाही. पुढं रोज कारखान्याच्या गेटापाशी मिनिटभर थांबून मगच आत जायचे.

आठवड्यानं तीच प्रेस पुन्हा अडकली. मॅनेजर यायच्या आत मी स्विच बंद केला, कुलूप लावलं, चावी खिशात घातली. तो आला. चावी मागितली. आवाज फाटला, तरी बोलले.

"नहीं दूँगी. आपका हाथ होता, तब भी ताला लगता."

सगळ्यांत जुने ऑपरेटर रामसेवक भैया प्रेसपासून दोन पावलं मागं सरकून माझ्या बाजूला उभे राहिले. एवढंच. मी काम पुरं केलं.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. उत्पादन अडवलं, उद्धटपणा केला, लेखी माफी मागा. आई म्हणाली, लिहून दे माय, नोकरी जाईल. तिचंही चूक नव्हतं. घर माझ्याच पगारावर चालतं.

मी लिहिलं. दोन्ही रात्री काय झालं, कोण हजर होतं, सगळं. माफी लिहिली नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं. तसाच कागद सही करून दिला.

नोकरीचं काय होईल, माहीत नाही. आज रात्री पाळी आहे. भीती गेलेली नाही. पण कुणाच्या टोमण्यापायी कुलूप न लावलेल्या मशीनमध्ये हात घालणार नाही. माझ्या पाळीत कुणाला घालूही देणार नाही.