उजव्या फळीवर वडिवु

आमच्या कांचीत रुंद काठाची साडी एकट्याने विणून होत नाही. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मधोमध बसतो आणि त्याच्या उजव्या हाताला, फळीवर, जोडीदार. साडीच्या अंगाचा, आडव्या धाग्याचा धोटा विणकर फेकतो, काठाचा जोडीदार. दोघांचे धागे दर फेकीला एकमेकांत अडकले तर सांधा बसतो, नाहीतर काठालगत फटी दिसतात. दंडपाणिच्या मागावर वडिवु बसायची तेव्हा सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळायचं नाही.

तेव्हा दोघांचं प्रकरणही होतं. मी उगाच कशाला झाकू, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तीन वर्षं चाललं. उघडकीला आल्यावर दंडपाणिने तिरुत्तणीला जाऊन मुरुगन देवासमोर डोकं भादरून घेतलं आणि झाला सोवळा. त्याची बायको कनकवल्ली फळीवर येऊन बसली. वडिवुला मात्र नवऱ्याने टाकलं, आणि एकही विणकर तिला शेजारी बसवेना. ज्याने निम्मं पाप केलं त्याचे केस महिन्यात उगवले. हिचं काय उगवणार होतं?

आमचे माग विणकर सोसायटीत; तिच्या मागच्या पडवीत वडिवु आली, कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर रेशीम गुंडाळायला. हे काम माझ्यासारख्या डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्यांचं. तिचा रहाट माझ्याशेजारी, म्हणून तिचं सगळं मला माहीत. आठ वर्षांत तिने कुणाला दोष दिला नाही. पण आत माग चालू झाला की तिचा उजवा हात मांडीवर आपसूक हलायचा.

"अगं, सोड आता. कुठवर जीव टांगून ठेवशील त्या मेल्यावर?" मी एकदा खेकसले.

"त्याच्यावर नाही गं अक्का," ती म्हणाली. "त्या फळीवर."

यंदा आवणी महिन्यातल्या लग्नाची साडी मागावर असतानाच कनकवल्लीचा खांदा धरला. सोसायटीचा सेक्रेटरी नमशिवायम पडवीत आला आणि भिंतीकडे बघत वडिवुला म्हणाला, "दंडपाणिकडे बसशील का? दुसरं कोणी मिळत नाही. काम चांगलं झालं तर पुढेही बघू."

तिने चार दिवस मागून घेतले. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दुपारी ती डबा उघडायची, ताकभात कालवायची आणि तसाच झाकून ठेवायची.

"अक्का, तो बोलला तर?"

"तर तू बोलू नकोस."

"आणि नाही बोलला तर?"

मी म्हटलं, "नको जाऊस. आपल्या पायाने विस्तवावर कशाला चालायचं?" मला तिचा राग येत होता, आणि भीतीही वाटत होती. तिलाही वाटत होती. त्याचा आवाज इतक्या जवळून ऐकला की आपण रडू, हे तिने मला सरळ सांगितलं.

चौथ्या दिवशी कनकवल्लीच आली. खांद्याला फडकं बांधलेलं. "मला काही हौस नाही तुला बोलवायची," ती म्हणाली. "पण साडी अडली आहे. बस. संध्याकाळी मी येऊन बघणार."

"काय बघणार?" वडिवुने विचारलं.

"कापड."

दुसऱ्या दिवशी वडिवु फळीवर बसली. भरलेल्या कांड्या मागापाशी पोचवायचं काम मी मुद्दाम मागून घेतलं. सकाळभर दोघं एक शब्द बोलली नाहीत. पहिलं चार बोटं कापड जरा अडखळत गेलं, मग हातांना हात सापडले. आठ वर्षं मधे गेलीच नाहीत असं कापड उतरायला लागलं. मला कौतुक वाटलं.

दुपारी मी कांड्या ठेवत होते तेव्हा दंडपाणि खाली मान घालून पुटपुटला, "इतका चांगला सांधा नको. थोडा बिघडव."

वडिवुला वाटलं चेष्टा करतोय. "का?"

"कनकवल्ली बोट फिरवून बघते. तिच्या हाताने असा कधी बसला नाही. तिला वाटेल अजून आपलं काहीतरी..."

आठ वर्षांत तिच्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं बोलणं. माझ्या तोंडात शिवी आली होती. पण वडिवु शांतपणे म्हणाली, "माझं नाव बिघडवलंस तेव्हा मी गप्प बसले. काम बिघडवणार नाही. फेक धोटा."

त्याने फेकला. तिनेही फेकला, संध्याकाळपर्यंत, एकही फट न ठेवता.

कनकवल्ली आली. अंगठा सांध्यावरून एकदा फिरवला, परत फिरवला. कुणाकडेच बघितलं नाही. "माझ्याबरोबर तू असं कधीच विणलं नाहीस," एवढंच नवऱ्याला म्हणाली आणि गेली.

सकाळी वडिवु आली तेव्हा फळीवर कनकवल्ली बसली होती. दर फेकीला वेदनेने तिचे डोळे भरत होते, पण ती उठणार नव्हती. नमशिवायमने वडिवुला दारातच हाताने पडवी दाखवली.

ती येऊन माझ्याशेजारी बसली. रहाटावर रिकामी कांडी चढवली.

"वाईट विणलं असतं ना अक्का," ती म्हणाली, "तर राहिले असते."